जपानी कला आणि जगाचा कला-इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगाच्या कला-इतिहासावरच्या जाडजूड पुस्तकांत जपान बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येतो, आणि तोही मोने आणि व्हॅन गॉग या युरोपीय चित्रकारांच्या निमित्ताने. त्याआधीचं सगळं एका वेगळ्या प्रकरणात उरकलेलं असतं. हे मला पटत नाही. म्हणून कलेचे विद्यार्थी, संग्रहालयं पाहणारे रसिक आणि जपानला निघालेली मंडळी हमखास जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं देताना मी जपानमधली कार्यशाळा, देऊळ आणि बाजार आधी घेतले आहेत. युरोप त्यानंतर.

होकुसाईची ‘ती लाट’ एवढी प्रसिद्ध का?

कात्सुशिका होकुसाई (१७६०–१८४९) याने ते चित्र १८३१ च्या सुमारास ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं’ या, लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांच्या मालिकेसाठी काढलं. तेव्हा तो सत्तरीचा होता. मालिका इतकी खपली की प्रकाशकाने आणखी दहा चित्रं काढवून घेतली. नावात छत्तीस तसेच राहिले, चित्रं मात्र शेहेचाळीस झाली.

मूळ चित्र लहान आहे, साधारण २५ बाय ३७ सेंटिमीटर. पोस्टरवर पाहून पाहून आपल्याला ते भिंतीएवढं वाटायला लागलंय. खरं तर ते हातात धरून बघायचं चित्र आहे, आणि तसं बघितलं की लाटेखालची माणसं दिसू लागतात. तीन लांब, निमुळत्या होड्या. ताजी मासळी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, झटपट पोचवण्यासाठी अशा होड्या वापरत. वल्हेकरी माना खाली घालून, ओळीने होडीला चिकटून बसलेत. एकाचाही चेहरा नीट दिसत नाही. फेसाचे थेंब फुजीवर हिमवर्षाव व्हावा तसे विखुरलेत आणि ज्याच्या नावाने मालिका निघाली तो पर्वत लाटेच्या पोटात एवढासा उरलाय. जपानी वाचकाची नजर उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे ही लाट त्याच्या थेट अंगावर येते. आपण डावीकडून वाचणारे, म्हणून आपण नकळत लाटेबरोबर पुढे सरकतो. चित्र आरशात धरून पाहा, फरक लगेच जाणवेल.

निळ्या रंगाबद्दलही सांगायलाच हवं. प्रशियन निळा हा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झाला आणि व्यापाऱ्यांमार्फत जपानला पोचला. १८३० च्या आसपास तो स्वस्त झाला आणि छापचित्रवाल्यांनी तो उचलला. मालिकेतल्या पहिल्या छत्तीस चित्रांत बाह्यरेषासुद्धा काळ्या शाईऐवजी निळ्यात आहेत; नंतरच्या दहांत त्या काळ्या झाल्या. जगातलं सगळ्यांत ‘जपानी’ समजलं जाणारं चित्र अशा रीतीने जर्मन रंगात छापलेलं आहे.

शिवाय हे चित्र एक नव्हतंच. त्याच्या हजारो प्रती निघाल्या, म्हणून तर ते जगभर जाऊ शकलं. १९०५ साली देब्युसी या फ्रेंच संगीतकाराने समुद्रावरच्या आपल्या रचनेच्या स्वरलिपीच्या मुखपृष्ठावर ही लाट घेतली, आणि जुलै २०२४ पासून ती जपानच्या हजार येनच्या नोटेवर आहे.

हे चित्र होकुसाईने एकट्याने केलं का?

नाही, आणि मला वाटतं जपानी छापचित्रांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवावी. यात चार माणसं असत: चित्रकार, ठसा कोरणारा, छापणारा आणि पैसे घालणारा प्रकाशक. विषय कोणता घ्यायचा, किती रंग परवडतील, चित्र कुणाकडून काढून घ्यायचं, हे प्रकाशक ठरवायचा. ‘लाटे’चा प्रकाशक होता निशिमुराया योहाची.

चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करून देई. कोरणारा तो कागद जंगली चेरीच्या फळीवर उलटा चिकटवी आणि रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड सुरीने काढून टाकी. या कामात मूळ रेखाटन नष्ट होतं. म्हणजे होकुसाईच्या हातची ‘लाट’ पहिली प्रत छापण्याआधीच संपली होती. आज ज्या रेषेचं कौतुक होतं ती कोरणाऱ्याच्या सुरीची आहे. उतामारो या चित्रकाराने काढलेल्या स्त्रियांच्या कपाळावर केस जिथे सुरू होतात ती जागा भिंगाखाली पाहावी. एक मिलिमीटरच्या जागेत दोन-तीन केस, प्रत्येक सुटा, आणि प्रत्येक केस म्हणजे लाकडाची उभी राहिलेली एक कड. हे काम कार्यशाळेतला सर्वांत मुरलेला कारागीरच करी. शिकाऊ पोराच्या हाती कपड्यांच्या घड्या येत.

मग प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी. सगळे रंग एकमेकांवर बिनचूक बसावेत म्हणून प्रत्येक फळीच्या एका कोपऱ्यात काटकोनी खूण आणि कडेला एक सरळ खूण कोरलेली असे. कागद त्या खुणांना टेकवायचा की रंग जागच्या जागी पडतो. छपाईला यंत्र नव्हतंच. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला ओलसर कागद फळीवर ठेवायचा आणि बांबूच्या पानाने मढवलेल्या गोल गादीने पाठीमागून घासायचा. आभाळ वरून गडद आणि खाली येता येता फिकट होतं, ती किमया छापणाऱ्याची: तो फळीवरचा रंग ओल्या फडक्याने दर वेळी नव्याने पुसून काढी. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत संध्याकाळ वेगवेगळी असू शकते.

बहुरंगी छपाईचं हे तंत्र १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबूच्या चित्रांत पूर्णत्वाला आलं. एकट्या प्रतिभावंताची कहाणी सांगण्याची सवय लागलेल्या कला-इतिहासाला ही चौघांची कला नीट मांडता आलेली नाही. संग्रहालयातल्या पाटीवर आजही नाव येतं ते एका चित्रकाराचंच.

मग ‘ओरिजिनल’ म्हणायचं कशाला?

त्या काळच्या फळ्यांवरून, त्या काळी छापलेली प्रत ती अस्सल. त्यातही आधीच्या प्रतीला मान जास्त, कारण छापून छापून लाकडाची कड झिजते. ‘लाटे’च्या उशिराच्या प्रतींत शीर्षकाभोवतीच्या चौकटीची रेघ तुटलेली दिसते आणि जाणकार आधी तिकडेच पाहतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला एका चांगल्या प्रतीला साडेसत्तावीस लाख डॉलरहून जास्त किंमत आली.

त्या काळी ही चित्रं कोण विकत घ्यायचं?

शहरातली साधी माणसं. कारागीर, दुकानदार, गावाकडून एदोला आलेले प्रवासी. एखाद्या चित्राला नूडलच्या एक-दोन वाडग्यांएवढे पैसे पडत. काबुकीचे नट, नावाजलेल्या गणिका, सुमोचे पहिलवान, प्रवासातली ठिकाणं हे खपणारे विषय होते. प्रवासाची आणि ठिकाणांची चित्रं लोकप्रिय करण्यात हिरोशिगे या चित्रकाराचा (१७९७–१८५८) वाटा मोठा.

सरकारचं या धंद्यावर लक्ष असे. १७९० पासून चित्रावर तपासनिसाचा शिक्का लागू लागला. १८०४ मध्ये उतामारोने दोन शतकांपूर्वीचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी चित्रात दाखवला म्हणून त्याला पकडलं आणि पन्नास दिवस हातात बेड्या घालून ठेवलं. दोन वर्षांनी तो गेला. शाराकूची कहाणी आणखी निराळी. नटांची चेहरेपट्टी निर्दयपणे टिपणारा हा चित्रकार १७९४–९५ मध्ये जेमतेम दहा महिने दिसतो, सुमारे १४० चित्रं मागे ठेवतो आणि नाहीसा होतो. तो नेमका कोण, यावर जपानमध्ये अजून वाद चालतो.

ही चित्रं युरोपात कशी पोचली?

चिनीमातीच्या भांड्यांना गुंडाळलेल्या रद्दीतून ती पॅरिसच्या एका चित्रकाराच्या हाती लागली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण एवढी मोठी लाट रद्दीतून आली नाही. १८५३ मध्ये अमेरिकन आरमार घेऊन पेरी हा नौदल अधिकारी एदोच्या खाडीत शिरला आणि पुढच्याच वर्षी जपानला करार करावा लागला. व्यापार उघडला, १८६७ च्या पॅरिसच्या आणि १८७३ च्या व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनांत जपानने स्वतः माल मांडला आणि पॅरिसमध्ये झीगफ्रीड बिंगसारख्या व्यापाऱ्यांची दुकानं जपानी चित्रांनी भरली. व्हॅन गॉग बिंगच्याच दुकानातून चित्रं घ्यायचा. १८७२ मध्ये फिलिप ब्युर्ती या समीक्षकाने या वेडाला ‘जापोनिझ्म’ असं नावही देऊन टाकलं.

युरोपच्या चित्रकारांनी नेमकं काय उचललं?

‘प्रभाव पडला’ असं म्हणून भागत नाही. प्रत्येकाने वेगळी गोष्ट घेतली.

व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगेची दोन चित्रं तैलरंगात उतरवली: कामेइदोचा आलुबुखाराचा बाग आणि पुलावर आलेली अचानक सर. पुलाच्या चित्रात हिरोशिगेने पाऊस म्हणून नुसत्या तिरक्या काळ्या रेघा मारल्या आहेत. पाऊस असा रेघेने काढता येतो, हे युरोपच्या तैलचित्राला तोवर सुचलं नव्हतं. व्हॅन गॉगने चित्राभोवती दुसऱ्या चित्रांतली जपानी अक्षरंही नकलून घातली, वाचता येत नसताना. त्यातला लोभ मला फार आवडतो.

देगाने चौकटीवर कापलेल्या आकृती घेतल्या. पॅरिसमध्ये राहणाऱ्या अमेरिकन मेरी कॅसॅटने १८९० चं पॅरिसमधलं जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन पाहिलं आणि लगेच दहा रंगीत छापचित्रांचा संच केला. बाळाला आंघोळ घालणारी आई, पत्र बंद करणारी बाई. सावली जवळपास नाहीच, रंगाचे सपाट भाग आणि नक्षी. जपानी चित्रं सर्वांत खोलवर समजली ती तिला, असं माझं मत आहे, कारण तिने जपानी विषय घेतले नाहीत, पद्धत घेतली. याउलट मोनेने १८७६ मध्ये बायकोला लाल किमोनो नेसवून चित्र काढलं. तो हौसेचा मामला होता. त्याच्या जपानप्रेमाचं खरं फळ जिव्हर्नी गावातल्या त्याच्या बागेतल्या तळ्यावरच्या चित्रांत आहे. त्याच्या घरात दोनशेहून जास्त जपानी छापचित्रं होती.

म्हणजे युरोपची आधुनिक चित्रकला जपानने घडवली?

एकट्या जपानने नाही. छायाचित्रकला त्याच सुमाराला आली होती आणि चित्रकार जुन्या अकादमीच्या नियमांना कंटाळले होते. जपानी चित्रांनी त्यांना दुसरा रस्ता तयार दाखवला.

पण देवाणघेवाण एकतर्फी नव्हती, हे फार थोड्या वेळा सांगितलं जातं. जपानने परदेशांशी व्यवहार जवळपास बंद ठेवले होते त्या काळातही नागासाकीच्या देजिमा या लहानशा बेटावर डच व्यापाऱ्यांची वखार होती. तिथून युरोपीय चित्रं आणि पुस्तकं झिरपत. १७४० च्या सुमारास ओकुमुरा मासानोबूसारखे चित्रकार पाश्चात्त्य पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे दूरच्या वस्तू लहान होत जाताना दाखवण्याची रीत, वापरून नाट्यगृहांची चित्रं काढत होते. ‘लाटे’त फुजी दूर आणि छोटा आहे, तोही याच शिकवणीतून. पॅरिसला जपानी चित्रांत जे ओळखीचं वाटलं, त्यात थोडं युरोप परत आलेलं होतं.

जपानने सगळं चीनकडून घेतलं, हे खरं का?

घेतलं पुष्कळ, आणि कोरियाकडूनही घेतलं. बौद्ध धर्म सहाव्या शतकात कोरियातल्या बेकजे राज्यातून आला. सेश्शू हा शाईचित्रांचा मोठा उस्ताद १४६७ मध्ये स्वतः चीनला जाऊन आला.

पण बौद्ध धर्म येण्याच्या हजारो वर्षं आधी जपानमध्ये जगातली अतिशय जुनी मातीची भांडी घडत होती. त्यांना जोमोन म्हणतात. त्यांतली सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची, काठावर ज्वाळा उसळाव्यात तशी भांडी निगाता भागात सापडली आहेत. चाक नसताना, हाताने वळ्या रचून केलेली. आणि ‘गेंजीची कथा’ या दरबारी कादंबरीवरच्या बाराव्या शतकातल्या चित्रगुंडाळ्यांत घराचं छपरच काढून टाकून वरून आत डोकावण्याची जी रीत आहे, ती दरबारातली जपानी सूझ आहे.

अजिंठ्याचा आणि जपानचा खरंच संबंध आहे का?

आहे, आणि तो दोनदा जुळला.

पहिल्यांदा सातव्या शतकात. नारा शहराजवळच्या होर्यू-जी मंदिराच्या मुख्य दालनात भिंतींवर बुद्ध आणि बोधिसत्त्वांची मोठी चित्रं होती. त्यातल्या बोधिसत्त्वाची किंचित झुकलेली मान, लांब भुवया, कमरेतला बाक आणि बोटांची ठेवण पाहून अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवतो. थेट कुणी इथून तिथे गेलं असं नाही. ही शैली मध्य आशिया आणि तांगकालीन चीन अशा टप्प्यांनी, दीड-दोन शतकं घेत तिथवर पोचली. वाटेत रेषा बदलली. होर्यू-जीची रेषा तारेसारखी एकसमान आहे, अजिंठ्याची रेषा जाड-बारीक होत अंगाची गोलाई सांगते. साम्य सांगताना हा फरकही सांगायला हवा.

दुसऱ्यांदा विसाव्या शतकात. अराई काम्पो हा जपानी चित्रकार रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून कोलकात्याला आला, तिथे शिकवलं आणि १९१७–१८ च्या हिवाळ्यात अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या नकला केल्या. पुढे १९४० मध्ये होर्यू-जीच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचं सरकारी काम निघालं, त्यातही तो होता. एकाच माणसाच्या हाताने दोन्ही भिंती अनुभवल्या. ते काम संपायच्या आत, १९४५ मध्ये तो वारला.

आणि २६ जानेवारी १९४९ ला पहाटे होर्यू-जीच्या त्या दालनाला आग लागली. नकलेचं काम चालू असतानाच मूळ चित्रं होरपळली, रंग गेले. सुदैवाने १९३५ मध्ये काचेच्या मोठ्या प्लेटवर त्यांची छायाचित्रं घेऊन ठेवलेली होती. हादरलेल्या जपानने १९५० मध्ये सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. आजही दर २६ जानेवारीला जपानभर देवळांत आणि संग्रहालयांत अग्निशमनाचा सराव होतो. पुढे अजिंठा-वेरूळ परिसराच्या जतनासाठी आणि सोयींसाठी जपानने कर्जाऊ मदत दिली, त्यामागे हा जुना धागा आहे असं मी मानतो.

जाता जाता आणखी एक नाव: योशिदा हिरोशी. हा छापचित्रकार १९३० च्या सुमारास भारतात फिरला आणि ताजमहालाबरोबरच अजिंठा-वेरूळचीही छापचित्रं त्याने केली.

आपले देव जपानमध्ये आहेत असं म्हणतात, ते कसे?

बौद्ध धर्माबरोबर गेले. सरस्वती तिथे बेंझाइतेन झाली, हातात वीणेऐवजी बिवा हे जपानी तंतुवाद्य. लक्ष्मी किचिजोतेन, इंद्र ताइशाकुतेन, आणि गणपती कांगितेन. कांगितेनची मूर्ती बहुतेक ठिकाणी बंद देव्हाऱ्यात असते, दर्शनाला खुली नसते. नाराच्या तोदाई-जीतल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे ७५२ साली रंगवून ‘उघडले’ तेव्हा कुंचला धरला होता बोधिसेन या भारतीय भिक्षूने. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे पुण्य सगळ्यांना लाभावं. तो कुंचला नाराच्या शोसोइन या भांडारात आजही जपलेला आहे.

जपानी शिल्पकलेबद्दल फारसं ऐकू येत नाही. का?

कारण ती देवळांत आहे आणि लाकडात आहे. बाजारात आली नाही, पॅरिसला गेली नाही. तोदाई-जीच्या दक्षिण दरवाजातले दोन द्वारपाल पाहा: आठ मीटरहून उंच, १२०३ मध्ये उनकेई आणि काइकेई यांच्या कार्यशाळेने ६९ दिवसांत उभे केलेले. हजारो लाकडी तुकडे जोडून. जगाच्या शिल्पकलेचा कोणताही इतिहास उनकेईशिवाय अपुरा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

जपानी कला म्हणजे झेन, साधेपणा, रिकामी जागा. बरोबर ना?

अर्धंच बरोबर. चहा-विधीचा गुरू सेन नो रिक्यू याचा काळा चहाचा वाडगा जपानी आहे, तसंच त्याच काळात कानो एइतोकूने सरदारांच्या गढ्यांसाठी केलेलं सोन्याच्या वर्खाचं झगमगतं कामही जपानी आहे. निक्कोचं तोशोगू देऊळ पाहिलं तर एक इंच जागा कोरीव कामावाचून सुटलेली नाही. इतो जाकुचूच्या कोंबड्यांचं प्रत्येक पीस मोजून घ्यावं. कोझान-जीच्या गुंडाळीत ससे आणि बेडूक कुस्ती खेळतात. साधेपणाचं एकच चित्र परदेशात फार खपलं आणि बाकीचा गोंगाट, विनोद, थाट मागे राहिला.

जपानी कलेचा इतिहास आधी लिहिला कुणी?

१८६८ च्या सत्तांतरानंतर शिंतो हा जपानचा मूळ धर्म आणि बौद्ध धर्म वेगळे करण्याचा सरकारी हुकूम निघाला आणि त्या लाटेत कितीतरी बौद्ध मूर्ती फुटल्या, विकल्या गेल्या. अशा वेळी अर्नेस्ट फेनोलोसा हा अमेरिकन प्राध्यापक १८७८ मध्ये टोकियोला शिकवायला आला. त्याने आणि त्याचा जपानी शिष्य ओकाकुरा काकुझोने देवळं पालथी घालून नोंदी केल्या. होर्यू-जीतली, शेकडो वर्षं कापडात गुंडाळून ठेवलेली कान्नोनची, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाची, मूर्ती त्यांनी १८८४ मध्ये उघडायला लावली. फेनोलोसाने जमवलेला मोठा संग्रह बॉस्टनच्या संग्रहालयात गेला. वाचवलं हे खरं, नेलं हेही खरं. दोन्ही एकत्र सांगावं.

ओकाकुरा १९०२ मध्ये भारतात होता, विवेकानंद आणि ठाकूर घराण्याशी त्याचा स्नेह जुळला. पुढच्याच वर्षी त्याने योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो या चित्रकारांना कोलकात्याला धाडलं. ताइकानची ओला कागद धुवत रंग चढवण्याची रीत पाहून चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुरांनी आपलं वॉशचं तंत्र घडवलं. भारतीय आधुनिक चित्रकलेच्या एका मोठ्या प्रवाहाचा उगम पॅरिसकडे नाही, तो इथे आहे.

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, उकियो-ए या जुन्या छापचित्रांतूनच आला का?

थेट नाही. होकुसाईच्या ‘मांगा’ नावाच्या पुस्तकांचा पहिला भाग १८१४ मध्ये आला, पण ती रेखाटनांची वही होती. त्यात गोष्ट नाही. आजचा मांगा वर्तमानपत्री व्यंगचित्रं, सिनेमा आणि युद्धानंतर तेझुका ओसामू या चित्रकथाकाराने केलेलं काम यांतून उभा राहिला.

महाराष्ट्रात जपानी कला कुठे पाहता येईल?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी जमवलेल्या संग्रहातून तिथे चिनी आणि जपानी वस्तूंचं दालन उभं राहिलं. घाईने जाऊ नका. लहान वस्तूंसमोर जास्त वेळ थांबा, कारण जपानी कारागिराने जीव ओतला तो तिथेच. शेजारच्या राज्यात हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही जपानी दालन आहे.

जपानला जाणार असेन तर काय चुकवू नये?

होर्यू-जी, तोदाई-जी आणि टोकियोतलं उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय. शोसोइनच्या ठेव्यातल्या निवडक वस्तूंचं प्रदर्शन दर शरद ऋतूत नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरतं, सहलीच्या तारखा जमल्या तर त्याला जोडून घ्या. छापचित्रांसाठी मात्र आधी चौकशी करा. उजेडाने त्यांचे रंग उडतात, म्हणून ती थोडे आठवडे मांडून परत अंधारात ठेवतात, आणि ‘लाट’ पाहायला गेलेल्याला ती भिंतीवर सापडेलच असं नाही.